न भिणारा कावळा

कावळा खाली उतरायला तयार नव्हता, आणि मृणालिनीबाई फडतरे यांना उभ्या आयुष्यात इतका वेळ कोणी ताटकळत ठेवलेले नव्हते.

कृष्णाकाठच्या देवसंगमच्या घाटावर त्यांच्या यजमानांचा, विश्वासराव ऊर्फ दादासाहेब फडतरे यांचा दहावा होता. काळ्या दगडावर पिंड मांडून बराच वेळ लोटला होता. भात सुकत चालला होता. समोरच्या चिंचेच्या शेंड्यावर चार-दोन कावळे बसले होते आणि माना वाकड्या करून, कोणाच्या तरी लग्नाला आल्यासारखे, खालचा जमाव न्याहाळत होते. गेला महिनाभर या घाटावर पिंड ठेवायचा अवकाश, कावळा झेपावत असे. ज्यांनी हयातीत कोणाचे कधी भले चिंतले नाही, त्यांच्याही पिंडाला तो तत्परतेने शिवला होता. मग दादासाहेबांनीच असे काय मागे ठेवले होते?

थोरला मुलगा रणजित पुढे झाला. हात जोडून, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दादासाहेब, कारखान्याची निवडणूक मी लढवणार नाही. शब्द देतो."

कावळे जागचे हलले नाहीत.

"त्येला बी ठावं हाय, हा लढवणारच," मागून कोणीतरी पुटपुटले, आणि दोन-चार जणांनी उपरण्याआड खोकला काढला.

विनायकशास्त्री हलक्या आवाजात म्हणाले, "आईसाहेब, उन्हं चढली. शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करून..."

"गवताच्या कावळ्यानं त्यांना निरोप द्यायचा? शास्त्रीबुवा, चाळीस माणसं जेवून उठल्याशिवाय जे कधी पाटावर बसले नाहीत, त्यांना?" मृणालिनीबाईंनी एवढेच विचारले. शास्त्रीबुवांनी दर्भ परत पिशवीत ठेवला.

खरे तर त्या आत कुठेतरी पुरत्या गोंधळल्या होत्या. ह्यांची इच्छा काय होती, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. ती इच्छा घाटाच्या टोकाला, पिंपळाच्या पारापाशी, पांढऱ्या केसांची आणि एकटी उभी होती. रत्नप्रभा. दादासाहेबांची धाकटी बहीण. नदीकाठच्या जमिनीतला वाटा सोडल्याची सही करायला तिने नकार दिला, त्या दिवसापासून फडतऱ्यांचे दार तिला बंद झाले होते. बंद कोणी केले, हे सगळ्या गावाला माहीत होते. "बहिणीनं माहेराकडून साडीचोळी न्यावी, सातबारा नव्हे," असे मृणालिनीबाई तेव्हा म्हणाल्या होत्या आणि त्या बोललेला शब्द कधी परत घेत नसत. दादासाहेब बायकोशी भांडले नाहीत. पण दर भाऊबीजेला त्यांना पलीकडच्या आळीत काही ना काही काम निघे. ते काम काय होते, हे बाईंनी एकदाही विचारले नाही. परत आल्यावर त्यांच्या कपाळाला लागलेले कुंकू मात्र त्यांना दरवेळी दिसे.

त्यांनी पदर सावरला आणि पिंडाकडे पाहून, एकेक शब्द तोलून, त्या म्हणाल्या, "वन्संचं माहेर आजपासून उघडं आहे. त्या घरी येतील. त्यांचा वाटा त्यांना मिळेल. मी देईन."

चिंचेवरून नव्हे, तर मागच्या देवळाच्या कळसाआडून एक कावळा आला, सरळ पिंडावर उतरला आणि खाऊ लागला.

गर्दीतून एक दीर्घ सुस्कारा उठला. कावळा मनसोक्त जेवला. पण जेवून तो उडाला नाही. दगडावरून खाली उतरला, चालत चालत मृणालिनीबाईंच्या पायापाशी आला, त्यांच्या पांढऱ्या लुगड्याचा काठ त्याने चोचीत धरला आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. लोकांनी हात जोडले. मग काठ सोडून कावळा पाराच्या दिशेने चालत निघाला. तिथे रत्नप्रभाबाई तोंडाला पदर लावून हुंदके देत होत्या.

एकटी केतकी हात न जोडता उभी होती. ही दादासाहेबांची मुलगी, वन्यप्राण्यांची डॉक्टर. ती कावळ्याकडे पाहत होती आणि तिच्या कपाळावर आठी होती.

*

घाटावर बसवलेले, पाखरांचे रोग ओळखणारे यंत्र केतकीनेच आणले होते, आणि त्याला परवानगी घाट समितीच्या अध्यक्षा म्हणून मृणालिनीबाईंनीच दिली होती.

माणसाला होणारे पुष्कळ नवे रोग मूळचे जनावरांचे असतात. ते रानात, पाखरांत, वटवाघळांत वर्षानुवर्षे राहतात आणि एखाद्या दिवशी उंबरठा ओलांडून माणसात येतात. उंबरठा ओलांडल्यावर त्यांना शोधण्यात अर्थ नसतो. आधी शोधायचे तर रानातल्या जीवांची तपासणी सतत करत राहावी लागते. पण जाळी लावून पाखरे धरणे, त्यांच्या घशातून फिरवलेला कापूस दूरच्या प्रयोगशाळेत धाडणे, उत्तराची वाट पाहणे, या सगळ्याला आठवडे जात. केतकीच्या डोक्यात आले की, रानातला जीव आपल्या पायांनी येऊन माणसासमोर, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जेवून जातो, असे एक ठिकाण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. कावळ्याने उष्टावलेल्या भाताच्या शितांवर त्याची लाळ असते. त्या लाळेत त्याच्या अंगातले विषाणू असतात. शिते यंत्रात टाकली की विषाणूंची जनुकीय ओळख काही तासांत पटते.

"पिंडाला यंत्राचा हात लागणार नाही," मृणालिनीबाईंनी तेव्हा अट घातली होती. "कावळा उठला की उरलेलं उष्टं न्या. त्याच्या आधी नाही. आणि तिथे घरघर करणारं काही ठेवू नका." गाव त्या यंत्राला काकयंत्र म्हणू लागले होते.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी आईच्या खोलीत आली आणि दार लोटून घेऊन तिच्यापासून बरीच लांब बसली.

"आई, काल बाबांच्या पिंडाला शिवलेला कावळा आजारी होता."

"पाखरंही आजारी पडतात."

"हा वेगळा आजार आहे. पक्ष्यांच्या फ्लूच्या कुळातला, पण नवा. हा विषाणू कावळ्याच्या मेंदूत शिरतो, आणि मेंदूचा जो भाग त्याला भिववतो तो आधी बंद पाडतो. कावळा हे भलतं सावध पाखरू, माणसानं हात उचलला की उडतं. ही भीतीच गेली की ते चालत चालत माणसाजवळ येतं. हातातलं खातं. उचलून घेतलं तरी ओरडत नाही. मग आठवड्याभरात मरतं."

मृणालिनीबाईंचे लक्ष नेसत्या लुगड्याच्या काठाकडे गेले. कालचे लुगडे धुवायला टाकले होते.

"महिनाभर घाटावर कावळे लगेच शिवत होते, ते याचमुळे," केतकी म्हणाली. "कळायला उशीर झाला, कारण या विषाणूची ओळख यंत्राला नव्हती. जुन्या रोगांशी जुळत नाही म्हणून ते त्याला निरुपद्रवी समजत राहिलं. काल कावळ्याची चाल पाहून मला शंका आली, म्हणून सगळी जुनी शितं पुन्हा तपासली."

"काल तर किती वेळ कोणी उतरत नव्हतं."

"घाटाच्या आसपास कावळे मरून पडताहेत. कावळा आपल्यातला मेलेला पाहिला की ती जागा टाळतो. चिंचेवर बसले होते ते निरोगी. ते घाबरले होते. जो आला तो भीती गेलेला."

"मी बोलले तेव्हाच आला."

"योगायोग, आई."

"योगायोग म्हणजे काय असतं, ते तुझ्या यंत्राला विचारून ये," मृणालिनीबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच करडा होता; पण मुलगी गेल्यावर त्या पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या आणि आपण नेमक्या कशाने दुखावलो आहोत, हे त्यांना कितीतरी वेळ उमगेना. दादासाहेब आलेच नव्हते, याने? की ते न येताच आपण इतकी वर्षे धरून ठेवलेली गोष्ट हातातून सोडली, याने?

*

बातमी फुटायला संध्याकाळही लागली नाही. वर्तमानपत्रांनी रोगाला काकज्वर असे नाव दिले. सरकारने घाट बंद केला. नदीपलीकडच्या गावात कावळा कुरवाळणारे एक आजोबा तापाने दवाखान्यात पडले होते. लक्षणे दोनच, डोळे लाल होणे आणि मग ताप. डोळे लाल झाल्याबरोबर औषध सुरू केले तर माणूस बचावे. छातीत उतरल्यावर कोणी खात्री देत नव्हते.

पण फडतऱ्यांच्या फाटकाशी सकाळी जी गर्दी जमली, ती औषधासाठी नव्हती.

"डॉक्टरीणबाई, आमच्या म्हातारीचा कावळा कंच्या गटात?" माधवराव बर्गे फाटकाच्या गजांतून विचारत होते. "आजारी असंल तर तसं लिहून द्या. म्हातारीची इच्छा म्हणून विहीर धाकट्याला दिली मी!"

"दिली ती दिली!" धाकटा मागूनच ओरडला. "कावळा चांगला ठणठणीत हुता. मी बघितलाय. गडी दोन पिंडं जेवला!"

"आवो, दोन जेवला म्हंजीच आजारी!"

एका विधवेने सासूची इच्छा म्हणून पुन्हा लग्नाला होकार दिला होता. तिला कावळा निरोगीच हवा होता आणि तिच्या दिराला आजारी. दोघेही केतकीकडे सारख्याच केविलवाण्या नजरेने पाहत होते. महिनाभरात या गावाने घाटावर किती शब्द दिले होते, किती भांडणे मिटवली होती, याचा आता उलगडा होत होता. आणि ते सगळे शब्द एका पाखराच्या मेंदूवर टांगलेले होते.

केतकी दमून म्हणाली, "मी कोणालाही काहीही लिहून देणार नाही. ज्यांनी घरात कावळे घेतलेत त्यांनी ते आधी बाहेर द्या."

लोक एकमेकांची नजर चुकवत पांगू लागले. कारण कावळे घराघरात होते. जो कावळा ओटीवर चालत येतो, हातातून दहीभात खातो आणि हाकलला तरी जात नाही, त्याला परका समजणारे घर या गावात नव्हते. कोणी त्याला आजोबांच्या खुर्चीवर बसवले होते, कोणी त्याच्यासाठी रेडिओ लावून ठेवत होते. सरकारी माणसे पिंजरे घेऊन आली की बायका दाराला आतून कडी घालत.

रणजित मात्र सकाळपासून खुशीत होता. "आईसाहेब, एक बरं झालं. आत्याबाईंचं वचन आपोआपच रद्द. दादासाहेब आलेच नव्हते म्हटल्यावर..."

"ते आले नव्हते, हे तुला कोणी सांगितलं?"

"केतकीनं. शास्त्रानं."

"मग परवा निवडणुकीचा शब्द दिलास, तो कोणाला दिलास?"

मृणालिनीबाईंना त्याचे उत्तर नको होते. तोच प्रश्न त्या स्वतःला विचारत होत्या.

दुपारी केतकीने फोन ठेवला आणि ती आईपाशी आली. तिचा चेहरा उतरला होता. "आई, आत्याच्या घरीही कावळा आहे. बहुतेक परवाचा, घाटावरचाच. पाराकडे चालत गेला होता ना? तिनं उचलून नेला. पथकाला दार उघडत नाही. दार फोडलं तर कावळा घरभर उडेल, सगळीकडे विषाणू पसरेल. आणि शेजारी सांगतात, तिचे डोळे लाल झालेत. आजच औषध सुरू व्हायला हवं."

"रडली असेल."

"रडली असेल. किंवा नसेल. पाहिल्याशिवाय कळणार नाही."

मृणालिनीबाई उठल्या. आपल्या मनात पहिल्यांदा काय आले, ते त्यांनी कोणाला कधी सांगितले नसते. मनात आले की, ह्यांनी माझ्या लुगड्याचा काठ धरला, आणि राहायला मात्र बहिणीकडे गेले.

*

चालक नसलेल्या गाडीला त्यांनी नेहमीप्रमाणे "सावकाश घ्या" असे बजावले. तोंडावर केतकीने दिलेली जाड पट्टी होती, हातात मोजे होते आणि या सगळ्यावरून डोक्यावर पदर होता. पलीकडच्या आळीतल्या त्या घरापर्यंतचा रस्ता आपल्याला न विचारता सापडला, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले.

"वन्सं, दार उघडा. मी आहे."

बऱ्याच वेळाने आतून कडी निघाली.

खोली लहान आणि स्वच्छ होती. दादासाहेबांचा तरुणपणचा फोटो भिंतीवर होता आणि त्याखाली, वेताच्या खुर्चीत, उशीवर कावळा बसला होता. त्याचे पंख विस्कटलेले होते. समोर वाटीत दूध-भाकरी कुस्करलेली होती. तो मान वर करण्याचा प्रयत्न करी आणि मान पुन्हा पुन्हा एका बाजूला कलंडे.

"या वहिनी," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे तांबडेलाल होते. "बघा, दादा कसा हडकलाय. खात नाही काल रात्रीपासून."

मृणालिनीबाईंनी कावळ्याकडे पाहिले. शेवटच्या दिवसांत ह्यांचीही मान अशीच उशीवरून कलंडत असे. क्षणभर त्यांना वाटले की, केतकीचे सगळे शास्त्र बाहेरच्या गाडीत बसून राहिले आहे, आणि या खोलीत आपण, ही आणि ते असे तिघेच आहोत.

"वन्सं, हा आजारी आहे. रोगानं त्याची भीती गेलीय, म्हणून तो माणसांत येतो. केतकीनं तपासलंय."

"केतकी परवापर्यंत फ्रॉकमध्ये होती. तिला काय कळतंय दादाचं?"

"तुमचे डोळे कधीपासून लाल आहेत?"

"माझा भाऊ गेला, वहिनी. डोळे लाल होणार नाहीत तर काय पांढरे होतील?"

"ताप आहे?"

"तुम्हाला कधीपासून माझ्या तापाची काळजी?"

मृणालिनीबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या. रत्नप्रभाबाई कावळ्याच्या पाठीवरून बोट फिरवत राहिल्या आणि मग, वर न पाहता, अगदी हळू म्हणाल्या,

"हा दादा नसेल तर तो घाटावरही आला नव्हता. खरं ना?"

"खरं."

"म्हणजे तुम्ही बोललात ते आजारी पाखरासाठी बोललात. मग तेही गेलंच. मी याला देऊन टाकते, वहिनी. पण मग तुम्ही लगेच घरी जा. आणि परत येऊ नका. हा आहे तोवर मला माहेर आहे. एवढंच."

बाहेर पथकाच्या गाडीचा आवाज येत होता. मृणालिनीबाईंच्या मनात जे दोन दिवस घोंघावत होते ते सगळे एकदम समोर उभे राहिले. कळसाआडून आलेला कावळा, चिंचेवरचे न उतरणारे कावळे, कुंकवाचा तो दर वर्षीचा ठिपका. त्यातले काय दादासाहेबांचे आणि काय कावळ्याचे, हे त्यांना अजूनही सांगता आले नसते. पण एक गोष्ट त्या गोंधळातही ठाम होती: ते वाक्य त्यांच्या तोंडून गेले होते.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "कावळा आजारी होता. बोलताना मी आजारी नव्हते."

रत्नप्रभाबाईंनी मान वर केली.

"तुमचा भाऊ घाटावर आला की नाही, ते मला माहीत नाही. केतकीला माहीत नाही, आणि शास्त्रीबुवांना तर मुळीच माहीत नाही. मी मात्र तिथे होते. फडतऱ्यांच्या घरचं दार मी बंद केलं होतं, ते मीच उघडते. त्याला कोणा पाखराची साक्ष लागत नाही." मग, आवाज आणखी करडा करून, "आणि आता ती दूध-भाकरीची वाटी बाजूला सारा आणि हात धुवा. साबणानं. दोनदा."

रत्नप्रभाबाई रडत होत्या की हसत होत्या, ते मृणालिनीबाईंना नीट दिसेना. कारण एव्हाना पट्टीच्या वर त्यांचेही डोळे भरून येऊन लाल झाले होते. पथकाने आणलेल्या पेटीत कावळा त्या दोघींनी मिळून ठेवला. त्याने चोच मारली नाही, पंख फडफडवले नाहीत. पेटीचे झाकण लावण्याआधी रत्नप्रभाबाई त्याला म्हणाल्या, "ये हो." आणि मग वहिनींकडे वळून ओशाळून म्हणाल्या, "सवयीनं."

*

केतकीने दोघींचेही डोळे तपासले. आत्याच्या डोळ्यांत विषाणू सापडला. आईच्या डोळ्यांत सापडला नाही, पण कावळ्याने तिच्या लुगड्याचा काठ धरला होता, तेव्हा तीही संशयितच. दोघींना औषध सुरू झाले आणि दोघींना वेगळे राहायला सांगितले गेले. सरकारी विलगीकरणात जागा नव्हती. निम्मे गाव तिथे होते आणि तिथेही बर्गे बंधू विहिरीवरून भांडत होते.

"आत्याला आपल्या घरी ठेवता येईल, पण स्वतंत्र खोलीत. तुम्ही एकमेकींजवळ जायचं नाही," केतकी म्हणाली.

"माहेरी आलेल्या बाईजवळ जायचं नाही?"

"तीन आठवडे नाही, आई."

रणजितने एकदा तोंड उघडले. आईने त्याच्याकडे पाहिल्यावर ते मिटले. मग आत्याची पिशवी त्यानेच गाडीतून काढली.

अशा रीतीने रत्नप्रभाबाई कितीतरी वर्षांनी माहेरी आल्या आणि अंगणाच्या एका बाजूच्या खोलीत बंद झाल्या. समोरच्या बाजूच्या खोलीत मृणालिनीबाई बंद होत्या. मधे तुळस होती आणि दोन उघड्या खिडक्या होत्या. पहिले काही दिवस आत्याला ताप चढत राहिला, आणि मृणालिनीबाई खिडकीतून मिनिटामिनिटाला हुकूम सोडत राहिल्या: पाणी प्या, पांघरूण घ्या, उत्तर द्या. मग एका सकाळी पलीकडून उत्तर आले की, "वहिनी, जरा दम खा. झोपू द्या मला." त्या दिवशी केतकी पहिल्यांदा हसली.

ताप उतरल्यावर मृणालिनीबाईंनी आपल्या खिडकीबाहेर, कंपाउंडच्या भिंतीवर, ताटातला घासभर भात चमच्याने ठेवला. केतकीने तसे करायला मनाई केली होती. ते त्यांच्या लक्षात होते. काही वेळाने एक कावळा आला. तो भिंतीच्या टोकाला उतरला. भाताकडे दोन पावले सरकला. मग खिडकीतल्या पांढऱ्या पदराची हालचाल त्याने टिपली, आणि तो दचकून, कर्कश ओरडत उडाला, तो थेट नारळाच्या शेंड्यावर जाऊन बसला.

"शिवला का हो, वहिनी?" पलीकडच्या खिडकीतून आवाज आला.

मृणालिनीबाई त्या कावळ्याकडे पाहत राहिल्या. आपण हसतो आहोत, हे त्यांना जरा उशिराच कळले.

"नाही. भ्याला," त्या म्हणाल्या. "बरा आहे."